गेले का ते?

त्या दिवशी मी चौथ्या मजल्यावर पडदे काढायला गेले होते. काम अगदी साधं. पडदे काढायचे, गठ्ठा बांधायचा आणि खाली लाँड्रीत पाठवायचा. दुपारचं हॉटेल कसं असतं, ते तुम्ही पाहिलं नसेल. सकाळचे लोक खोल्या सोडून गेलेले असतात आणि संध्याकाळचे अजून यायचे असतात. मधल्या वेळात मजलेच्या मजले ओस पडलेले. आमच्या पॅसेजला एकही खिडकी नव्हती. बाहेर ऊन मी म्हणत असलं, तरी आत दिवा लावल्याशिवाय स्वतःचा हात दिसायचा नाही. खाली जाड गालिचा, त्यामुळे आपल्याच पावलांचा आवाज आपल्याला येत नाही. फिनेल, शिळा सिगारेटचा धूर आणि कधीच न वाळलेल्या गालिच्याचा वास, एवढीच काय ती सोबत.

मी तिथे साफसफाईच्या बायकांची मुकादम होते. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. घरी मी आणि माझी मुलगी, दोघीच. नोकरी हवीच होती, त्यामुळे हॉटेलात काय चालतं हे कळायला लागल्यावरही मी नाक मुरडून निघून गेले नाही.

चालायचं ते सगळ्यांना माहीत होतं. दुपारी मागच्या दाराने बायका यायच्या. आमच्यात त्यांना 'वरच्या पाहुण्या' म्हणत. पाहुण्या कसल्या! पुढच्या लिफ्टने यायची बंदी, लॉबीतल्या सोफ्यावर टेकायची बंदी. त्यांनी कचऱ्याच्या बादल्या जातात त्या जिन्याने चढायचं आणि त्याच जिन्याने उतरायचं. त्यांना चहा कपातून द्यायचा नाही, फेकायच्या ग्लासातून द्यायचा. मॅनेजर प्रत्येकीकडून आपला वाटा घ्यायचा, पण पुढच्या दारात कधी समोर आली तर ओळख दाखवायचा नाही. नाव कुणाचंच विचारत नसत. नाव विचारलं, की ती बाई इथे होती असं होतं ना!

त्यांच्यातल्या एकीला सगळे 'रेडिओ' म्हणायचे. सकाळी लावला की रात्रीपर्यंत बंद नाही, अशी बोलायची. जिना चढताना बोलणार, उतरताना गुणगुणणार. माझी तिची ओळख झाली ती एका वाईट दिवशी. गिऱ्हाइकाने मारून तिचा ओठ फाडला होता. ती तशीच काउंटरपाशी गेली. काउंटरवरची मुलगी तिला म्हणाली, "इथे उभी राहू नकोस, फरशीवर रक्त सांडेल." मॅनेजर आला आणि तिच्यावरच ओरडला. त्या माणसाला मात्र वर चहा पाठवला, त्रास झाल्याबद्दल माफी मागून.

मी तिला चादरींच्या खोलीत नेलं आणि टॉवेलमध्ये बर्फ गुंडाळून दिला. तर ती सुजल्या ओठांनी म्हणाली, "ताई, आज रेडिओचा स्पीकर खराब झालाय. ऐकणाऱ्यांनी समजून घ्यावं." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. तिचा मुलगा तिच्या आईकडे असायचा. आपली मुलगी कपड्यांच्या दुकानात कामाला आहे, असं त्या म्हातारीला वाटत होतं. "बाकी काहीही होऊ दे," ती म्हणायची, "फक्त पोलिसांच्या गाडीत बसायची वेळ येऊ नये. आई जीव देईल."

तर ती चादरींची खोली. चौथ्या मजल्याच्या अगदी टोकाला. तिथे भिंतीला लागून चाकांचं एक उंच लोखंडी कपाट होतं, टॉवेलांनी खच्चून भरलेलं. त्या दुपारी पडद्यांचा गठ्ठा ठेवायला मी आत गेले आणि कपाटामागून आवाज आला.

टक... टक.

हाताने ठोठावल्यासारखा नव्हता. नखाने, अगदी भीत भीत वाजवल्यासारखा.

मला वाटलं उंदीर असेल. मी गठ्ठा टाकला आणि वळले, तेवढ्यात बाईचा आवाज आला. कुजबुजल्यासारखा.

"गेले का ते?"

"कोण गेले?" मी म्हणाले. पाहुण्यांपैकीच कुणीतरी थट्टा करतेय असं वाटलं. उत्तर आलं नाही. मी कपाट ढकललं. मागे एक दार होतं, बाहेरून कडी घातलेलं. कडी काढली. आत जुनी न्हाणीघरासारखी खोली. खिडकी नाही, दिवा नाही, टाइल्सचा रंग उडालेला. भिंतीत एक नळ. आत कुणीही नव्हतं. फक्त नळाखालची फरशी ओली होती आणि स्वस्तातल्या पावडरचा गोडसर वास येत होता, आत्ताच कुणी लावून गेल्यासारखा. मी नळ फिरवून पाहिला. कोरडा ठणठणीत. पाण्याचा पाइप कधीचाच कापलेला होता, टोक गंजून गेलेलं.

मी तिथून कशी बाहेर आले, माझं मला माहीत. थेट तळघरात लाँड्रीतल्या काकांकडे गेले. काका त्या हॉटेलातले सगळ्यात जुने. शांत माणूस. मी सांगत होते तोवर त्यांचा इस्त्रीवरचा हात थांबला, आणि चादर जळल्याचा वास आला तरी उचलला गेला नाही.

"तू काय म्हणालीस तिला?" त्यांनी विचारलं.

"कोण गेले, असं विचारलं."

"गेले असं नाही ना म्हणालीस?"

"नाही."

त्यांनी श्वास सोडला. "पुन्हा विचारलं, तर सांगायचं, अजून आहेत, बस तिथेच. एवढंच. सगळे तेच सांगतात. मग ती गप्प होते."

"कोण ती?"

काका इस्त्री बाजूला ठेवून हळू आवाजात सांगायला लागले. पोलीस नाहीतर पालिकेचे तपासणीवाले आले, की पाहुण्यांना त्या खोलीत घालायचं, कडी लावायची आणि समोर कपाट सरकवायचं, ही रीत पहिल्यापासूनची. पूर्वी एकदा एक नवी बाई आली होती. एकटीच होती त्या दिवशी. तिला आत घातलं. "ते गेले की काढतो," म्हणून सांगितलं. पण त्या वेळी तपासणीवाल्यांनी हॉटेललाच सील ठोकलं. सगळ्या नोकरांना रस्त्यावर काढलं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी तिला सोडलं असेल. आणि ती आली होती हे कुठे लिहिलेलंच नव्हतं, मग शोधणार कोण?

"कित्येक दिवसांनी सील उघडलं, तेव्हा त्या कोरड्या नळाखाली पडलेली. मळक्या चादरींच्या गाडीतून खाली आणली," काका म्हणाले. "मागच्याच जिन्याने. तेव्हासुद्धा पुढच्या दाराने नाही."

"नाव काय होतं तिचं?"

काकांनी जळलेली चादर उचलून घडी घालायला घेतली.

त्यानंतर मी त्या खोलीत एकटी जाईनाशी झाले. पण कामच ते, जावं लागायचंच. आणि अधूनमधून ते विचारणं कानावर यायचं. मीही सगळ्यांसारखंच म्हणायचे, "अजून आहेत गं. बस तिथेच." म्हणताना जीभ जड व्हायची. पलीकडे एक बारीकसा हुंदका यायचा, मग काही नाही. रेडिओला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला माहीत होतं की नाही, देव जाणे. एकदा मात्र तिने आपण होऊन विचारलं, "ताई, त्या मोरीत कधी घालायची वेळ आली, तर तुम्ही कडी लावाल का हो?" मी म्हटलं, "वेडी आहेस का? मी नाही लावायची." ती हसली. "मग दुसरं कुणीतरी लावेल," म्हणाली.

आणि तसंच झालं.

टळटळीत दुपार होती. मी तळघरात काकांकडे चादरी द्यायला गेले होते. वर आले तर जिन्यात धावपळ. तपासणीवाले दारात आले होते. मॅनेजर घामाने निथळत चौथ्या मजल्यावरून खाली येत होता.

"पाहुण्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"ठेवल्यात." त्याने तोंडावर बोट ठेवलं. "रेडिओ आणि ती नवी धाकटी. दोघीच होत्या."

धाकटी म्हणजे जेमतेम महिन्याभरापूर्वी यायला लागलेली पोरगी. तिला दम्यासारखा खोकला होता.

तपासणीवाल्यांना त्या दिवशी बायकांशी काही देणंघेणं नव्हतं. आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता बंद, वायरिंग उघडी, असं काय काय त्यांनी काढलं आणि बघता बघता हॉटेल रिकामं करायचा हुकूम सोडला. वीज तोडली. आम्हाला सगळ्यांना पुढच्या दाराने रस्त्यावर काढलं आणि दाराला कुलूप घालून लाखेचं सील मारलं. मी मॅनेजरला गाठलं.

"त्या दोघी वर आहेत!"

"हळू बोल," तो दातओठ खात म्हणाला. "तोंड उघडलंस तर त्यांनाच गाडीत घालून नेतील. वर्तमानपत्रात फोटो येतील. चालेल का? संध्याकाळी बघतो मी."

"संध्याकाळी कसं बघणार? सील आहे!"

"बघतो म्हटलं ना!" तो गाडीत बसला आणि गेला. थोड्या वेळाने फोन लावला तर बंद.

तपासणीवाल्यांची गाडी कोपऱ्यावर उभी होती. त्यांच्याकडे जावं, सांगून टाकावं, म्हणून मी दोन पावलं टाकली. पण रेडिओची म्हातारी आई डोळ्यांसमोर आली आणि पाय अडले. मागे वळले तर काका उभे. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"लाँड्रीच्या खिडकीचा गज सैल आहे," ते म्हणाले. "चल. या खेपेला नाही राहू द्यायचं कुणाला."

आम्ही मागच्या गल्लीतून आत शिरलो. जिन्याच्या तळाशी काका थांबले. एक पायरी चढले आणि पुन्हा उतरले. "माझ्याने होत नाही गं," म्हणाले. "मी इथं मागचं दार आतून उघडून धरतो." मी फोनचा दिवा लावला आणि चढायला लागले.

वीज नसलेल्या हॉटेलात काय शांतता असते, सांगता येणार नाही. पंखा नाही, फ्रिजची घरघर नाही, लिफ्टचा आवाज नाही. माझ्याच श्वासाचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. चौथ्या मजल्यावर पोहोचले तर त्या पावडरचा वास पॅसेजभर पसरलेला. इतका दाट, की घशात बसला.

चादरींच्या खोलीत गेले. कपाट दाराला चिकटवून ठेवलेलं होतं. मी कान लावला. आत काही आवाज नव्हता. रेडिओ आत आहे आणि आवाज नाही...

टक... टक.

"रेडिओ?" मी म्हणाले. "अगं, मी आहे. ताई."

"गेले का ते?"

कुजबुज तीच. पण अंधारात कुजबुजणारी कुठलीही बाई तशीच बोलेल ना? मी फोन गठ्ठ्यावर उभा केला, कपाटाला खांदा लावला आणि जीव खाऊन ढकललं. टॉवेलांचे थर अंगावर कोसळले, फोनही खाली पडून त्यांच्यात बुडाला. उजेड गेला. चाचपडत कडी शोधली, काढली, दार ओढलं.

दार हललं नाही.

आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. ओढताना कळत होतं. मी ओढलं की ते जरासं यायचं आणि पुन्हा हळूच मिटायचं.

"रेडिओ, दार सोड!"

"गेले का ते?"

"रेडिओ, तू आहेस ना? तुझा मुलगा कितवीत आहे, सांग मला!"

काही नाही. मग पाण्याचा आवाज. नळ सोडल्यासारखा. ज्या नळाला पाइप नाही त्या नळाचं पाणी फरशीवर पडत होतं. आणि त्या आवाजाखाली, कुणीतरी तोंड दाबून धरलेला असावा असा, एक खोकला.

धाकटी आत होती. जिवंत होती.

तेव्हा मला सगळं कळलं. ती विचारत होती, आणि मी उत्तर दिल्याशिवाय दार उघडणार नव्हतं. "अजून आहेत, बस तिथेच" म्हटलं असतं, तर तिघीही तिथेच बसल्या असत्या. आणि "गेले" म्हटलं तर... काकांनी कधी सांगितलं नव्हतं, म्हटलं तर काय होतं ते. कुणी म्हटलंच नव्हतं आजवर.

मी दाराला कपाळ टेकवलं. पलीकडून कुणीतरी तसंच टेकवलंय असं वाटलं. लाकूड तेवढ्याच जागी गार होतं.

"गेले," मी म्हणाले. "सगळे गेले गं. या बाहेर. सगळ्या या."

पाणी थांबलं. दार आपोआप माझ्याकडे आलं.

मी डावा हात आत घातला. लगेच आतल्या एका हाताने तो धरला. ओला, थंडगार हात. बोटं घट्ट गुंफली. मी म्हणाले, "चल रेडिओ, चल." आणि तेव्हा खालून, पार कोपऱ्यातून, फरशीवरून रेडिओचा आवाज आला.

"ताई... मी इकडे आहे. माझ्याने उठवत नाही. आधी धाकटीला घ्या."

मी ओरडले नाही. का नाही, ते आजही सांगता येत नाही. डाव्या हातात तो हात होता, तो मी सोडवून घेतला नाही. खरं म्हणजे सुटलाच नसता. उजव्या हाताने धाकटीचं मनगट शोधलं, तिला ओढून उभं केलं. तिने रेडिओला धरलं. अशा आम्ही निघालो. अंधारात भिंतीला खांदा घासत. कुणी बोललं नाही. जिना उतरताना माझ्या उजवीकडे धाकटीचा श्वास घरघरत होता, तिच्या मागे रेडिओची पावलं धडपडत होती. डावीकडे काहीच आवाज नव्हता. फक्त माझी बोटं आणखी आणखी आवळली जात होती; गर्दीत लहान मूल धरतं ना, तशी. एका वळणावर मी अडखळले, तर त्या हाताने मला सावरलं.

मी डावीकडे बघितलं नाही. खाली उजेडाची फट दिसायला लागली, तरी नाही.

काकांनी दार उघडून धरलं होतं. आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या डाव्या बाजूला. अंग चोरून ते भिंतीला चिकटले, वाट दिली. उंबऱ्यावर ऊन होतं. त्या उन्हात पाऊल टाकलं आणि माझ्या हातातला हात ढिला झाला. एकेक बोट सुटत गेलं.

मागे वळले तर रेडिओ आणि धाकटी. दोघीच. धाकटी गल्लीतच बसली आणि हवा पीत राहिली.

"इतका वेळ गप्प का होतीस तू?" मी रेडिओला विचारलं. "हाका मारल्या ना मी!"

"आमच्या दोघींच्या मध्ये ती बसली होती," ती म्हणाली. "आमच्या तोंडांवर हात ठेवून. सारखी म्हणत होती, हळू... ऐकू जाईल... आपल्याला बाहेर काढतील." मग तिने ओठ मिटले. त्या दिवशी ती पुढे एक अक्षर बोलली नाही.

काकांना मी पुन्हा पुन्हा विचारलं, तुम्ही काय बघितलंत? ते सांगायचे नाहीत. एकदाच, कितीतरी दिवसांनी, आपणहून म्हणाले, "पायात चप्पल नव्हती गं तिच्या. ऊन किती होतं."

हॉटेल काही दिवसांनी उघडलं. नवा रंग, नवे गालिचे, मॅनेजर तोच. मागचं दारही तसंच. मी परत गेले नाही. एका दवाखान्यात भांडार सांभाळायचं काम मिळालं. धाकटीला तिचा मामा येऊन घेऊन गेला. रेडिओ आईकडे गेली, आता तिकडेच शिवणकाम करते. मधूनमधून फोन करते, पूर्वीसारखी बडबडते. काका सांगतात, त्या खोलीतून आता काहीच आवाज येत नाही. सगळे म्हणतात, सुटली बिचारी.

मीही तेच म्हणते. पण हे बघा, जरा दिवा जवळ घ्या. हा माझा उजवा हात. आणि हा डावा. बोटांची टोकं बघा, तळवा बघा. दिवसभर पाण्यात बुडवून ठेवल्यावर कातडी कशी पांढरी पडते, चुण्या पडतात, तशी. त्या दुपारपासून आहे. डॉक्टर म्हणाले, पाण्यातली कामं बंद करा. बंद केली. हातमोजा घालून झोपते, तर सकाळी मोजा ओला असतो. दुखत नाही, खुपत नाही. म्हणून मी कुणाला सांगत नव्हते, आणि तुम्हालाही सांगितलं नसतं.

पण माझी मुलगी झोपेत माझा हात धरते, लहानपणापासूनची सवय. आज सकाळी तिला उठवायला गेले. ती पाठ करून झोपली होती, हात गादीवरून खाली सोडलेला. मी तो उचलून पांघरुणात घालायला गेले, आणि तिच्या चुण्या पडलेल्या बोटांच्या टोकांवरून एक थेंब माझ्या पायावर पडला.